मेमरी कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय? घाई नको! कार्ड, रीडर आणि ड्रायव्हर यांचं काम आधी समजून घ्या

लग्नाचे फोटो असलेलं मेमरी कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर लॅपटॉपला लावला आणि स्क्रीनवर मेसेज आला, ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?’ घरातलं कुणीतरी घाईत ‘होय’ दाबतं आणि मग पश्चात्तापाची वेळ येते. गारपिटीनंतर काढलेले पिकाचे फोटो असोत, वारलेल्या आजोबांचा एकुलता एक व्हिडिओ असो, की फोटोग्राफरनं अजून पेनड्राईव्हवर न दिलेलं साखरपुड्याचं शूटिंग असो, त्या एका क्लिकनं सगळं धोक्यात येतं.

खरं तर अशा वेळी पुष्कळदा कार्डावरचा माल जागेवरच असतो. मेसेजचा अर्थ एवढाच असतो की, समोरच्या कॉम्प्युटरला कार्डावरची मांडणी ओळखता आली नाही. त्याला माहीत असलेला एकच उपाय तो सुचवतो, तो म्हणजे सगळं पुसून नवी मांडणी करणं. तुमचे फोटो किती मोलाचे आहेत हे त्याला कळत नाही.

कार्ड आणि स्क्रीन यांच्यामध्ये तीन-चार टप्पे असतात. गडबड नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली हे ओळखता आलं, तर बऱ्याच वेळा फोटो वाचतात. हे टप्पे कसे चालतात, ते पाहू.

रीडर म्हणजे दुभाष्या

मेमरी कार्डाची एक भाषा असते आणि कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टची दुसरी. दोघांना एकमेकांचं थेट कळत नाही. कार्ड रीडरच्या आत एक छोटी चिप असते, ती मधल्यामध्ये भाषांतर करते.

कार्ड आत सरकवलं की रीडर आधी त्याला वीज देतो आणि मग अगदी सावकाश, सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ठोक्यांच्या गतीनं बोलणं सुरू करतो. ऐकायला ही गती मोठी वाटली, तरी कार्डाच्या नेहमीच्या गतीपुढे ती बैलगाडीची चाल आहे. रीडर विचारतो, तू कुठल्या प्रकारचं कार्ड आहेस? किती व्होल्टवर चालतोस? तुझी जागा किती? उत्तरं मिळाली की मगच वेग वाढतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ, घामाचा डाग किंवा तेल असेल, तर बिघाड इथंच होतो. कार्ड चांगलं असतं, पण बोलणंच सुरू होत नाही.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

इथला ड्रायव्हर एसटीचा नव्हे. कॉम्प्युटरमध्ये किंवा मोबाईलमध्ये विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड अशी मुख्य यंत्रणा असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जोडलेल्या वस्तूशी कसं बोलायचं हे त्या यंत्रणेला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

पूर्वी प्रत्येक वस्तूबरोबर ड्रायव्हरची सीडी यायची. विंडोज ९८ च्या काळात साधा पेनड्राईव्ह चालवायलाही वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे. सीडी हरवली की वस्तू पडून. यावर तोडगा म्हणून १९९९ च्या सुमारास यूएसबीवरच्या साठवणुकीच्या वस्तूंसाठी एक समाईक पद्धत ठरली. पेनड्राईव्ह असो, हार्ड डिस्क असो की कार्ड रीडर, सगळ्यांनी एकाच ठरलेल्या आज्ञा पाळायच्या. ‘अमुक क्रमांकाच्या खणातलं वाच’, ‘तमुक खणात लिही’ अशा या आज्ञा, आणि त्यासाठी १९८० च्या दशकापासून मोठ्या डिस्कसाठी वापरात असलेली स्कझी ही जुनी भाषा घेतली गेली.

त्यामुळे विंडोज २००० पासून एकच ड्रायव्हर जवळपास सगळ्या रीडरना पुरतो. बाजारातला साधा रीडर ओटीजी केबलनं मोबाईलला लावला तरी चालतो, तो याच ठरावामुळे. रीडर कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी ड्रायव्हरला फारसं देणंघेणं नसतं.

खरी अडचण: रीडर आहे, पण कार्ड नाही

पेनड्राईव्हमध्ये साठवण आणि जोडणी एकत्रच असते. पेनड्राईव्ह काढला की दोन्ही गेलं, कॉम्प्युटरला लगेच कळतं. कार्ड रीडरचं तसं नाही. रीडर जोडलेलाच राहतो आणि त्यातलं कार्ड मात्र येतं-जातं. सकाळी फोटोग्राफरचं कार्ड, दुपारी मोबाईलचं कार्ड, संध्याकाळी रिकामा खाच. ड्रायव्हर बनवणाऱ्यांना हा सगळा गोंधळ धरून आखणी करावी लागते.

म्हणूनच रीडर आधीच सांगून ठेवतो की, माझ्यातलं माध्यम काढता येणारं आहे. मग ऑपरेटिंग सिस्टीम ठराविक वेळानं विचारत राहते, ‘कार्ड आहे का?’ लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये हा प्रश्न दर २ सेकंदांनी जातो. रीडरचं उत्तर तीनपैकी एक असतं: ‘कार्ड नाही’, ‘कार्ड तयार आहे’ किंवा ‘मध्ये कार्ड बदललेलं असू शकतं’.

तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. ते आलं की ड्रायव्हरनं आधीच्या कार्डाबद्दल लक्षात ठेवलेलं सगळं टाकून द्यायचं असतं. जागा किती होती, फायलींची यादी काय होती, सगळं पुन्हा नव्यानं वाचायचं. हे केलं नाही तर पहिल्या कार्डाची यादी दुसऱ्या कार्डावर लिहिली जाईल आणि नव्या कार्डावरचे फोटो जातील. एका गावच्या सातबाऱ्यावरून दुसऱ्या गावची जमीन मोजायला निघाल्यासारखं ते होईल.

चार खाच असलेला रीडर लावला की विंडोजमध्ये चार ड्राईव्ह दिसतात आणि रिकाम्यावर क्लिक केलं की ‘डिस्क घाला’ असा मेसेज येतो, तोही याच आखणीमुळे. रीडर बिघडलेला नाही, त्या खाचेत कार्ड नाही, एवढंच.

‘कॉपी झाली’ म्हणजे लिहून झाली का?

दूध संकलन केंद्रावर एकाचं दूध आलं की लगेच टँकर निघत नाही. कॅन भरतात, मग एकदम गाडी जाते. कॉम्प्युटरही तसंच करतो. कार्डावर लिहायचा मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि सोयीनं कार्डावर उतरवतो. त्यामुळे काम झटपट झाल्यासारखं दिसतं. लिनक्समध्ये असा मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत वाट पाहत राहू शकतो. तेवढ्यात कार्ड ओढून काढलं, तर स्क्रीनवर ‘कॉपी झाली’ दिसूनही फाइल अर्धवटच राहते.

विंडोजनं २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून यात बदल केला. काढता येणाऱ्या वस्तूंसाठी मजकूर साठवून ठेवण्याची पद्धत आपोआप बंद राहते. तरीही लिहिणं चालू असताना कार्ड ओढलं तर नुकसान व्हायचं ते होतंच.

याला आणखी एक कारण आहे. कार्डाच्या आत स्वतःची एक चिप असते. ती नवा मजकूर लिहिताना जुना मजकूर इकडून तिकडे हलवत असते, कारण या मेमरीत एकेक अक्षर पुसता येत नाही, मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर ज्या फोटोंना कुणी हातही लावला नव्हता, तेही खराब होऊ शकतात. लोडशेडिंगच्या भागात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लग्नाचं कार्ड रिकामं करायला घेऊ नये, ते यासाठीच. चार्ज केलेला लॅपटॉप त्यापेक्षा सुरक्षित.

म्हणून ‘इजेक्ट’ किंवा मोबाईलमधलं ‘अनमाउंट’ हे बटण दाबायची सवय लावून घ्यावी. ते दाबलं की उरलेलं सगळं कार्डावर उतरतं, फायलींची यादी नीट बंद होते आणि मगच कार्ड काढायला मोकळीक मिळते.

जुना रीडर, नवं कार्ड

एसडी कार्ड १९९९ मध्ये पॅनासोनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून आणलं. तेव्हापासून दिसायला कार्ड तेच राहिलं, पण आतली मांडणी बदलत गेली:

• एसडी: २ जीबीपर्यंत
• एसडीएचसी: २ जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंत, २००६ पासून
• एसडीएक्ससी: ३२ जीबीच्या पुढे २ टीबीपर्यंत, २००९ पासून

मोबाईलमधलं बारीक मायक्रोएसडी कार्डही याच तीन प्रकारांत मोडतं.

पहिल्या प्रकारात जागा मोजताना एकेक बाइट मोजलं जायचं. त्यासाठी जो आकडा वापरत, त्यात ४ जीबीच्या पुढे मोजताच येत नव्हतं. एसडीएचसीपासून ५१२ बाइटचा एक खण धरून मोजणी सुरू झाली आणि त्याच आकड्यात २ टीबीपर्यंत मजल गेली. जुन्या रीडरच्या चिपला ही नवी मोजणी ठाऊक नसते. त्यामुळे कपाटातला फार जुना रीडर नवं कार्ड ओळखत नाही. ड्रायव्हर कितीही नवा असला तरी दुभाष्याच अडाणी असेल तर उपयोग नाही. अशा वेळी रीडर बदलायचा, कार्ड नाही.

मांडणी ओळखता येत नाही तेव्हा

रीडरनं कार्ड वाचलं तरी पुढं एक टप्पा उरतो. कुठली फाइल कार्डावर कुठल्या खणांमध्ये आहे याची नोंदवही कार्डावरच असते. या नोंदवहीच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात.

३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर बहुतेक वेळा ‘फॅट ३२’ असते. ती जवळपास सगळीकडे वाचता येते, पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ६४ जीबी आणि त्यापुढच्या कार्डांवर ‘एक्सफॅट’ ही मायक्रोसॉफ्टची पद्धत असते. विंडोज व्हिस्टाला ती २००८ मध्ये मिळाली, तर एक्सपीसाठी वेगळा अपडेट टाकावा लागे. मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचे नियम २०१९ मध्ये खुले केले आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत ती आली. त्याआधीच्या काही स्वस्त मोबाईलमध्ये एक्सफॅट नव्हतीच.

म्हणजे ६४ जीबीचं चांगलं कार्ड जुन्या मोबाईलमध्ये घातलं की तो म्हणणार, ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’. तेच कार्ड नव्या लॅपटॉपला लावलं की सगळे फोटो दिसतात. उलटंही होतं. कॉम्प्युटरवर ‘एनटीएफएस’ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं कार्ड अनेक मोबाईल वाचत नाहीत.

दुसरं कारण म्हणजे नोंदवहीच फाटलेली असणं. कार्ड मध्येच ओढलं किंवा वीज गेली की असं होतं. पण सातबाऱ्याचं पान फाटलं म्हणून जमीन नाहीशी होत नाही. फोटो आपल्या खणातच असतात, फक्त त्यांचा पत्ता हरवलेला असतो. फाइल डिलीट केल्यावरही सहसा नोंद तेवढी खोडली जाते, त्या खणांवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथंच राहतो.

मोबाईलशी बांधलेलं कार्ड

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो माहीत नसल्यानं फार नुकसान होतं. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही मोबाईलमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून वापरायची सोय मिळाली. हा पर्याय निवडला की मोबाईल कार्ड पूर्ण फॉरमॅट करून त्याला कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो.

असं कार्ड रीडरमध्ये घातलं तर कुठलाही कॉम्प्युटर ते वाचू शकत नाही आणि पुन्हा तोच ‘फॉरमॅट करा’ मेसेज येतो. उपाय एकच: कार्ड त्याच मोबाईलमध्ये परत घालून फोटो आधी दुसरीकडे कॉपी करायचे. मोबाईल फॅक्टरी रीसेट केला तर किल्ली जाते आणि मग कार्डावरचं काहीच मिळत नाही. मोबाईल दुरुस्तीला देण्याआधी कार्ड कसं वापरलंय हे सेटिंगमध्ये स्टोरेज या भागात पाहून घ्यावं.

बनावट कार्डाला ड्रायव्हर का फसतो?

ड्रायव्हर कार्डाची जागा स्वतः मोजत नाही. कार्ड जो आकडा सांगतं, तो खरा मानतो. बनावट कार्ड विकणारे नेमकं हेच हेरतात. ८ किंवा १६ जीबीच्या कार्डाच्या चिपला ‘मी ५१२ जीबीचा आहे’ असं सांगायला शिकवतात. मोबाईलवरही ५१२ जीबीच दिसतं. पहिले काही फोटो नीट उतरतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो हवेत जातात किंवा जुन्यांवर लिहिले जातात, आणि नाव-आकार दिसत असूनही फोटो उघडत नाही.

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन फारच स्वस्तात मोठं कार्ड मिळालं, तर त्यावर मोलाचं काही ठेवण्याआधी ते तपासून घ्यावं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी जागा सांगतात. ही तपासणी रिकाम्या कार्डावरच करायची.

गडबड कुठं आहे, हे कसं ओळखायचं?

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावं. तिथं ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर ‘कॅन्सल’ दाबायचं. आपल्याला फक्त पाहायचं आहे.

• रीडरच दिसत नाही: रीडर, केबल किंवा पोर्टची अडचण. दुसरा रीडर लावून पाहा.
• रीडर दिसतो, पण ‘नो मीडिया’ लिहिलेलं आहे: कार्ड नीट बसलं नाही, पट्ट्या मळल्या आहेत, रीडर जुना आहे किंवा कार्डाची चिप गेली आहे.
• कार्डाची जागा बरोबर दिसते, पण उघडायला गेलं की फॉरमॅट मागतं: नोंदवही बिघडली, कॉम्प्युटरला ती पद्धत येत नाही किंवा कार्डाला मोबाईलचं कुलूप आहे. फोटो असण्याची शक्यता इथं सगळ्यांत जास्त.
• ६४ जीबीच्या कार्डाची जागा काही एमबी किंवा शून्य दिसते: कार्डाची आतली चिप बिघडत चालली आहे. घरी प्रयोग न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्यावं.

मग करायचं काय?

१. मेसेज आला की ‘कॅन्सल’ दाबा आणि कार्ड इजेक्ट करा.

२. कार्डाच्या पट्ट्या कोरड्या, मऊ कापडानं पुसा. पाणी, थुंकी, सॅनिटायझर लावू नका. मायक्रोएसडी असेल तर अडॅप्टरही बदलून पाहा.

३. कार्ड ज्या कॅमेऱ्यात किंवा मोबाईलमध्ये होतं, त्यातच परत घाला. तिथं दिसलं तर लगेच सगळं दुसरीकडे कॉपी करा.

४. दुसरा, नवा रीडर आणि नवा लॅपटॉप यांवर तपासा.

५. मोठ्या कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या कडेला ‘लॉक’ची बारीक पट्टी असते, ती लॉकवर ठेवा. कार्डाला ती कळत नाही. रीडर ती पाहतो आणि ड्रायव्हरला ‘यावर लिहायचं नाही’ असं कळवतो. फोटो शोधताना चुकून काही लिहिलं जाण्याचा धोका त्यानं कमी होतो.

६. ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्रॅम नोंदवही बाजूला ठेवून थेट खणांमधून फोटो शोधतो. सापडलेले फोटो त्याच कार्डावर नव्हे, लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या ड्राईव्हवर ठेवा. फायलींची मूळ नावं मात्र मिळत नाहीत.

७. फॉरमॅट होऊन गेलं असेल तरी त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये बहुतेक वेळा नवी कोरी नोंदवहीच लिहिली जाते, जुने फोटो खाली तसेच असू शकतात. पूर्ण फॉरमॅट झालं असेल तर आशा फारशी राहत नाही.

८. दुकानात कार्ड देताना ‘चालू करून द्या’ एवढंच सांगू नका. ‘फोटो पाहिजेत, फॉरमॅट करू नका’ असं स्पष्ट सांगा. चालू करून देण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग फॉरमॅटच असतो.

शेवटी, मेमरी कार्ड ही फोटो इकडून तिकडे नेण्याची वस्तू आहे, कायमचं कपाट नाही. ड्रायव्हरची आखणी कितीही काळजीनं केलेली असली, तरी मध्येच ओढलेलं कार्ड आणि घाईत दाबलेलं ‘होय’ यांच्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. लग्नाचे, शेताचे, माणसांचे फोटो कार्डाशिवाय आणखी एका ठिकाणी, लॅपटॉपवर किंवा पेनड्राईव्हवर, आजच उतरवून ठेवा.